कॉलम

खळदकर सरांची शीट उघडायला एकवीस सेकंद लागतात.
तेवढ्यात मी खडू शोधते,
खिडकीतून वेताळ टेकडीचा मिळेल तो कोपरा बघते.
मग पिवळे चौकोन: इथे तुम्ही भरायचं.
पांढरे: इथे हात लावायचा नाही.
एका पांढऱ्या चौकोनाच्या कोपऱ्यात लाल ठिपका,
त्यावर माउस नेला की सर अजून बोलतात,
“आकडा आवडला म्हणून बरोबर असतो असं नाही. वि. ग. ख.”

पासवर्ड त्यांच्या स्कूटरचा नंबर होता.
स्कूटर भंगारात गेली, सर गेले,
नंबर मला पाठ आहे.

मुलांना शीट आवडते.
उंची टाका, भार टाका, सेक्शन निवडा,
हिरवं झालं की चहा.
लाल झालं तर त्याहून जाडा सेक्शन, मग त्याहून जाडा,
जिना चढल्यासारखं, हिरवं होईपर्यंत.
हाताने करा रे एकदा तरी, मी ओरडते,
स्टील टेबल उघडा.
पोरं मान हलवतात. त्या हलवण्याचा अर्थ
कुठल्याही कोडमध्ये दिलेला नाही.

प्रेरणा भालचिम मात्र हाताने करते.
जुन्नरच्या वरच्या अंगाची. आधी लॅपटॉप नव्हता म्हणून,
मग लॅपटॉप आला तरी.
बुधवारी वही घेऊन टेबलाशी आली.
“मॅडम, साडेचार मीटर, एमबी तीनशे.
शीट म्हणते सडपातळपणा छत्तीस.
माझा एकशे अठ्ठावन्न येतोय.
माझंच कुठेतरी चुकलं असेल.”

तिचं चुकलं नव्हतं.

खांब आपल्या अशक्त बाजूने वाकतो,
हे मी दर जुलैत सांगते, प्लास्टिकची पट्टी दाबून दाखवते.
शीट सशक्त बाजूचा आकडा उचलत होती.
सरांची चूक असती तर बरं वाटलं असतं.
पण दोन वर्षांपूर्वी त्या टेबलात
किलोच्या भावाचा एक जादा कॉलम मीच घुसवला होता.
सगळे आकडे एक घर उजवीकडे सरकले.
सूत्र तिथेच उभं राहिलं, आठव्या घराच्या दारात,
आता आत दुसरंच कुणी राहत होतं.

आणि त्या दोन वर्षांत
वर्गाबाहेर ती शीट मी एकदाच वापरली होती.
तळवडे, गॅस्केटचा कारखाना, पोटमाळा.
सहा खांब. वर खोक्यांचे ढीग,
खाली पॅकिंगला बसलेल्या बायका.
किलोची ताकद पावशेरावर.

गुरुवारी पहाटे निघाले. नाशिक फाट्याचा सिग्नल
कधी नव्हे तो हिरवा होता, तरी मी थांबले.
मागचा ट्रकवाला काय म्हणाला ते लिहीत नाही.

पहिल्या खांबाला टेप लावली.
फ्लँज एकशे चाळीस हवा होता.
अडीचशे भरला.
पुन्हा लावली. अडीचशे.
सहाही खांब अडीचशे.
एका बाईने न विचारता पाणी आणून दिलं,
मी खोक्यावर बसून रज्जाक मुलाणीला फोन लावला.

“अहो मॅडम, एमबी तेव्हा यार्डात नव्हताच.
भोसरीत एचबी पडून होता, तोच लावला.
तुम्हाला फोन केलेला, तुम्ही उचलला नाही.
वजन केवढं जास्त गेलं माझं.
तुम्ही विसरला असाल. मी नाही.”

फरक काढला, खोक्याच्या पुठ्ठ्यावर, पेन्सिलीने.
मीटरला चौदा पूर्णांक सहा किलो,
गुणिले साडेचार, गुणिले सहा.
तीनशे चौऱ्याण्णव.
एवढं लोखंड माझ्या हिशेबाबाहेर उभं होतं
आणि त्याचे पैसे एका माणसाच्या डोक्यात बाकी होते.
ते दिले. त्याने शंभरेक रुपये सोडले,
चहाचे म्हणाला.

शुक्रवारी वर्ग सुटल्यावर प्रेरणाला थांबवलं.
आठचे नऊ तूच कर, म्हटलं,
आणि तिथे ठिपका ठेव, खाली तुझी अक्षरं.
पासवर्ड सांगितला.
कसला नंबर आहे हा, मॅडम?
स्कूटरचा.
तिने तो वहीत उतरवून घेतला,
मग विचारलं, रंग कोणता होता?